पाहणारा की पाहुणा?
(काठीच्या होळीच्या निमित्ताने)

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षीची गोष्ट. समाजशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी एका प्रवाशाचे अनुभव वाचून दाखविले. आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येला नामिबिया नावाचा देश आहे. १९९० साली तो स्वतंत्र झाला. त्याच्या वायव्य टोकाला कुनेने नदीच्या आसपास हिंबा नावाचे पशुपालक लोक राहतात. रखरखीत मुलूख, पाणी थोडे, गुरे हेच धन. तेथील स्त्रिया लोणी आणि तांबड्या दगडाची पूड एकत्र करून तो लेप सर्वांगाला व केसांना लावतात. त्याला ते ओत्जिझे म्हणतात. त्यामुळे अंग तांबूस दिसते आणि उन्हापासून व किड्यांपासून कातडीचे रक्षण होते. या स्त्रिया पाण्याने स्नान करीत नाहीत, असे वाक्य आले मात्र, वर्गात एकच हशा पिकला. मीही हसलो.

सरांनी वाचन थांबविले. त्यांनी विचारले, "तुमच्यापैकी सातपुडा किती जणांनी पाहिला आहे?" सगळ्यांनी हात वर केले. आमच्या बोदवडच्या शिवारातून पावसाळा सरल्यावर आभाळ निवळले की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. ती न पाहिलेला कोण असणार? मग सरांनी दुसरा प्रश्न केला. "आणि सातपुड्यातल्या कोणाच्या घरी बसून किती जण जेवले आहेत?" एकही हात वर झाला नाही. हशा मात्र आपोआप थांबला.

तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला, त्याला कारण होते. माझे आईवडील शेतमजूर. कापसाच्या वेचणीला आई ज्या शेतावर जाते, तेथे दोन हंगाम सातपुड्यातले एक भिल्ल कुटुंब वेचणीला येत होते. मोलगीच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे हे लोक. पावसाळी पीक निघाले की डोंगरात काम उरत नाही, म्हणून ते खाली उतरतात. कोणी गुजरातेत ऊसतोडीला जातो, कोणी केळीच्या बागांत, कोणी कापसाला. त्या बाईंना मी मावशी म्हणत असे. माझी आई आणि मावशी एकाच तासाला लागून कापूस वेचीत. पण दुपारी भाकरी सोडायची वेळ झाली की आई एका निंबाखाली बसे आणि मावशी दुसऱ्या निंबाखाली. हे असे का, ते मी कधी विचारले नव्हते. ते मला दिसलेच नव्हते, असे म्हणणे अधिक खरे होईल. सरांच्या प्रश्नानंतर ते दिसू लागले.

हंगाम संपवून गावी परतताना मावशींनी आईला सांगितले होते, "होळीला आमच्याकडे या." आईने मान हलविली आणि विषय संपला. मी मात्र जायचे ठरविले. आईला सांगितले तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने वर न पाहता विचारले, "काहाले जातो तठी? मानसं पाहाले? मानसं काय पाहाची चीज आहे का रे?"

वाचकहो, हा सगळा लेख म्हणजे माझ्या निरक्षर आईच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

जाण्यापूर्वी मी ग्रंथालयात बसून थोडेफार वाचले. सातपुड्यातल्या लोकांना बाहेरून पाहायला येणारा मी काही पहिला नव्हतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. डोंगरातल्या भिल्लांनी नव्या राज्यकर्त्यांना सहजी मान दिली नाही. तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभारली. तिचे ठाणे आपल्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावला होते. औट्रम भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, त्यांचा विश्वास मिळविला. पण विश्वास कशासाठी मिळवायचा, ते त्याचे आधीच ठरलेले होते. त्याला डोंगर शांत करावयाचा होता. पुढे गॅझेटियरे लिहिली गेली. त्यांत कोणत्या जमातीचे लोक कसे दिसतात, काय खातात, किती प्रामाणिक वा किती धोकादायक आहेत, याची वर्णने आली. ही वर्णने पुष्कळ बारकाईची आहेत आणि आजही उपयोगी पडतात. परंतु लिहिणारा खुर्चीवर व लिहिला जाणारा समोर उभा, हे त्या पानांतून सुटत नाही.

याच गॅझेटियरात खानदेशच्या मेवासी संस्थानांची माहिती मिळते. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पश्चिम टोकाला चिखली, काठी, गव्हाळी, सिंगपूर, नवलपूर, नाला अशी लहान लहान संस्थाने होती. त्यांचे प्रमुख तेथलेच होते. आदिवासी म्हणजे सदैव कोणाच्या तरी सत्तेखाली दबलेले लोक, ही माझी समजूत येथेच पहिल्यांदा खोटी ठरली. यांतल्या काठी संस्थानाची होळी 'राजवाडी होळी' म्हणून आजही प्रसिद्ध आहे. १२४६ सालापासून ती चालत आली आहे, असे तेथे सांगितले जाते. आज हा सर्व मुलूख नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. म्हणजे तेथे 'आदिवासी' ही कोपऱ्यातली चीज नव्हे. तेथे संख्येने थोडे असलेले लोक म्हणजे आपण.

बोदवडहून भुसावळ, भुसावळहून सुरतेच्या गाडीने नंदुरबार, तेथून एस.टी.ने तळोद्यावरून अक्कलकुवा, आणि मग देवगोईचा घाट चढून मोलगीची वाट. घाटात पळस नुसता पेटला होता. मोहाखाली सडा पडू लागला होता. बायका टोपल्या घेऊन पहाटेच फुले वेचायला निघत, असे पुढे समजले. माझ्या पिशवीत आईने ऐन वेळी बांधून दिलेली ज्वारीच्या पापडांची जुडी होती. "रिकाम्या हातानं जाऊ नको," एवढेच ती म्हणाली होती.

पाडा म्हणजे आपल्याकडची गल्ली नव्हे. एक घर या टेकडीवर, दुसरे पलीकडच्या उतारावर, ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. भिंती बांबूच्या कुडाच्या, त्यावर मातीचा लेप, वर कौले. आत एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला गुरे. आपण चटकन म्हणतो, 'गुरांबरोबर राहतात!' पण गुरे हेच धन असल्यावर, आणि रात्री रानातले जनावर येण्याची भीती असल्यावर, माणूस ती बाहेर कशाला बांधील? आमच्या घरी एकच शेळी आहे. थंडीपावसात तीही आमच्याजवळच असते. ही गोष्ट मी वर्गात कधी कोणाला सांगितली नव्हती. आज येथे लिहीत आहे.

मावशींच्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांचा धाकटा दीर ओसरीच्या जमिनीवर घोंगडी टाकून पडला होता. बाजूला खाट रिकामी होती. मला वाटले, माझ्यासाठी त्याने खाट सोडली. मी संकोचाने 'राहू द्या' म्हणालो, तेव्हा सगळे हसले. तो पालनी पाळीत होता.

पालनी म्हणजे काय, हे समजल्यावाचून ही होळी समजत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. घरात आजार आला, मूल होत नाही, पीक बुडाले, अशा वेळी माणूस होळीला नवस बोलतो. तो फेडण्यासाठी होळीच्या आधी काही दिवस त्याने व्रत धरावयाचे. त्या दिवसांत खाटेवर बसायचे वा निजायचे नाही, पायात वहाण घालायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचे, साधे खायचे, आणि अंगाला पाणी लावायचे नाही. होळीच्या रात्री तो सोंग घेऊन नाचतो, आणि होळ्या आटोपल्या की व्रत सोडतो. अंगाला पाणी न लावणे हा येथे आळस नव्हे, संयम आहे. आपल्याकडे चातुर्मासात कोणी कांदा सोडतो, कोणी केस कापीत नाही. त्याला आपण श्रद्धा म्हणतो. आमच्या गल्लीतून पंढरीला अनवाणी जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आपण पाया पडतो. मग डोंगरातला मनुष्य अनवाणी झाला की तो 'मागासलेला' कसा ठरतो?

मला त्या ओसरीवर एकदम वर्गातला हशा आठवला. हिंबा स्त्रिया पाण्याने स्नान करीत नाहीत हे खरे. पण सुगंधी झुडपांचा व राळेचा धूर अंगावर घेऊन त्या अंग शुद्ध करतात. त्यांच्या केसांच्या ठेवणीवरून मुलगी लहान आहे, वयात आली आहे की लग्न झालेली आहे, ते ओळखता येते. म्हणजे आपण ज्याला 'अस्वच्छता' म्हणून हसलो, ती पाण्याच्या टंचाईतून घडलेली स्वच्छतेची निराळी रीत आहे. हिंबांच्या वस्तीत मुख्य झोपडी आणि गुरांचे कुंपण यांच्या मधोमध पवित्र अग्नी असतो. तो ओकुरुवो. घरचा वडील त्या अग्नीजवळ बसून पूर्वजांशी बोलतो. परक्याने झोपडी आणि तो अग्नी यांच्या मधून चालत जाऊ नये, असा तेथे नियम आहे. अनेक प्रवासी अजाणता तो मोडतात, कारण त्यांच्या डोळ्यांना तेथे फक्त राख दिसते.

रात्री आम्ही सारे काठीला निघालो. पौर्णिमेचे चांदणे होते, आणि प्रत्येक उतारावरून ढोलाचा आवाज खाली येत होता. सातपुड्यात सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते. काठीची होळी, मग आसपासच्या गावांच्या, अशा त्या पुढे काही दिवस चालू राहतात, म्हणजे एका गावच्या माणसांना दुसऱ्या गावच्या होळीला जाता येते. ही सोय मला फार शहाणपणाची वाटली. आमच्याकडे तर एकाच गावात गल्लीगल्लीच्या होळ्या एकाच वेळी पेटतात, आणि कोणीच कोणाकडे जात नाही.

काठीच्या होळीचा मान उंच बांबूला आहे. हा दांडा सुमारे सत्तर फुटांचा असतो आणि तो सरहद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या जंगलातून आणतात. तो उभा करण्याचा खड्डा कुदळ-फावडे न लावता हातांनी उकरावयाचा, अशी रीत आहे, आणि त्याला अनेकांचे हात लागतात. मला ती रीत सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी आपली बोटे पसरून दाखविली. ते म्हणाले, "हात सगळ्यांना सारखे." यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

मैदानात हजारो माणसे होती. नवस फेडणाऱ्यांच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांच्या उंच टोप्या, त्यांना मोरपिसे. अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके. कमरेला वाळलेले दुधीभोपळे आणि घुंगरांचे पट्टे. बुध्या, बावा, काली अशी या सोंगांची निरनिराळी नावे आहेत. कमरेला हिसका दिला की भोपळे आणि घुंगरे मिळून एक आवाज निघतो. शेकडो कमरा एका तालात हलल्या की तो आवाज पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखा वाटतो. ढोल, मांदल, बासरी यांचे जथे गावोगावचे. चांदीचे दागिने ल्यालेल्या स्त्रिया एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेने नाचत होत्या. ही नाचणारी माणसे प्रेक्षकांसाठी नाचत नव्हती. त्यांचे तोंड दांड्याकडे होते, आमच्याकडे पाठ होती.

आणि येथेच माझ्या हातून ती गोष्ट घडली.

मोबाईलमध्ये छायाचित्रे काढण्याचा मोह मलाही आवरला नाही. माझ्याच वयाचा एक बुध्या दम खायला थांबला होता. मी विचारले तेव्हा तो हसून उभा राहिला. टोपी, मोरपिसे, ठिपके, भोपळे सगळे झकास. फक्त डाव्या मनगटावर घड्याळ होते. ते चित्रात बरे दिसेना. मी म्हणालो, "दादा, तेवढं घड्याळ काढता का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. स्वच्छ मराठीत तो म्हणाला, "का? माझंच आहे." मग त्याने विचारले, "तुम्ही कोणत्या वर्षाला?" मी सांगितले. तो म्हणाला, "मीही दुसऱ्या वर्षाला. बी.एस्सी."

मला त्या क्षणी काय आठवले, ते लिहिणे सोपे नाही. मी सातवीत असताना आमच्या गल्लीत बाहेरगावची काही मंडळी आली होती. कोणत्याशा कामासाठी त्यांना घरांची छायाचित्रे हवी होती. आमच्या घराची मातीची भिंत त्यांना फार पसंत पडली. दारात आजी बसली होती, केस विस्कटलेले. ती लाजून म्हणाली, "थांबा, केस बांधते, लुगडं बदलते." त्यांतल्या एकाने हात वर करून सांगितले, "नको नको, तशाच राहा, छान दिसतं." आजी तशीच राहिली. ते छायाचित्र कुठे छापले गेले, ते आम्हाला कळले नाही. त्याची प्रत आमच्या घरी कधी आली नाही. पुढच्याच वर्षी आजी वारली. आमच्याकडे तिचे एकही छायाचित्र नाही.

'तशाच राहा' आणि 'घड्याळ काढा' ही दोन वाक्ये एकच आहेत. पाहणाऱ्याच्या मनात चित्र आधीच तयार असते, आणि समोरच्या माणसाने त्यात मावावे एवढीच त्याची अपेक्षा असते. पहिल्या खेपेला मी चौकटीच्या आत होतो, दुसऱ्या खेपेला बाहेर. मधल्या काळात मी फक्त महाविद्यालयात आलो होतो.

मी त्याला 'माफ करा' म्हणालो आणि घड्याळासकट छायाचित्र काढले. पहाटे पाचच्या सुमारास राजघराण्याच्या वंशजांनी पूजा केली, होळी पेटली, आणि तो मनगटावर घड्याळ असलेला विज्ञानाचा विद्यार्थी, घरी बोललेला नवस फेडीत, ज्वाळांभोवती फेर धरून नाचला. त्याचे शिक्षण त्याच्या नाचाच्या आड आले नाही, आणि नाच शिक्षणाच्या आड आला नाही. 'पारंपरिक' म्हणजे काळाबाहेर थांबलेले, हा माझा समज त्या जाळात गेला.

पाहणाऱ्याची ही चूक नेहमी एवढ्यावरच थांबत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जे बाजार भरतात, त्यांना भोंगऱ्या बाजार म्हणतात. होळीची सामग्री, डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगण, घुंगरे यांची खरेदी तेथे होते. कामासाठी दूर गेलेली माणसे परततात, नातेवाईक भेटतात, ढोल वाजतात. पण बाहेरच्या लिहिणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या असे लिहिले की, हा मुलामुलींनी एकमेकांना पळवून नेण्याचा, जोडीदार निवडण्याचा बाजार आहे. ते वाचून शहरातून तशाच नजरेची माणसे तेथे येऊ लागली. आदिवासी संघटनांनी याविरुद्ध पुष्कळदा आवाज उठविला आहे. मावशींच्या पुतणीला मी या विषयी विचारले. ती बारावीत आहे. ती म्हणाली, "तुमच्या जत्रेत पोरंपोरी एकमेकांकडे बघत नाहीत का? मग तुमच्या जत्रेला काय म्हणायचं?" मला उत्तर देता आले नाही.

शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. 'गोधड' हा त्यांचा संग्रह. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्या स्टेजवरच्या मंडळींवर ती लिहिलेली आहे. परत आल्यावर मी ती वाचली. मला वाटले, मी काठीला गेलो तेव्हा माझ्याबरोबर माझे लहानसे स्टेज घेऊनच गेलो होतो. ते खिशात मावणारे होते, इतकेच.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगावीशी वाटते. रंगविलेली अंगे पाहणाऱ्याला दिसतात. त्या अंगांखालची जमीन दिसत नाही. नामिबिया स्वतंत्र झाल्यानंतर कुनेने नदीवर एपुपा धबधब्याजवळ मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली. त्यात हिंबांची नदीकाठची चराऊ जमीन आणि पूर्वजांच्या कबरी बुडणार होत्या. कबर हीच त्यांच्यात जमिनीवरच्या हक्काची खूण. त्यांनी ठाम विरोध केला आणि एपुपाचे धरण उभे राहिले नाही. आपल्याकडे नर्मदेवर सरदार सरोवर उभे राहिले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या बुडितात आली. मणिबेलीचे नाव त्यामुळे देशभर झाले. अनेक वर्षे आंदोलन चालले. शेवटी १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या त्या धरणाचे लोकार्पण झाले. बुडालेल्या गावांतली माणसे तळोदा तालुक्यात व इतरत्र नव्या वसाहतींत गेली. काठीच्या मैदानावर माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा अशाच वसाहतीतून आले होते. ते म्हणाले, "आमच्या गावची होळी जिथे पेटायची, तिथे आता पाणी आहे." एवढे बोलून ते पुन्हा ढोलाकडे वळले. धरणाचे पाणी कोणाच्या शेताला मिळाले आणि जमीन कोणाची गेली, हा हिशेब मोठ्यांनी करावा. मला इतकेच कळले की, पिसाऱ्याचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्या प्रवाशाला या वाक्याची दाद नसते.

मग माणसाने अशा ठिकाणी जाऊच नये काय? मला तसे वाटत नाही. न जाता हसणे हे जाऊन चुकण्यापेक्षा वाईट आहे. माझे म्हणणे एवढेच की, जाणारा पाहणारा म्हणून जातो की पाहुणा म्हणून, हे त्याने आधी स्वतःला विचारावे. पाहणारा आपल्या सवडीने जातो. पाहुण्याला बोलावणे लागते. पाहणारा रिकाम्या हाताने जाऊन भरल्या खिशाने येतो. पाहुणा काही नेतो आणि काही आणतो. पाहणाऱ्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. पाहुण्याला घरचे सगळे प्रश्न विचारतात. मावशींच्या घरी मला विचारले गेले की, तुम्हाला जमीन किती, बहिणीचे लग्न झाले का, बाप दारू पितो का, आणि शिकून तू काय करणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला धड देता आले नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. आणि मुख्य म्हणजे, पाहुण्याला परतफेड करावी लागते. ज्याच्या घरी जेवलो, त्याला आपल्या घरी जेवायला बोलवावे लागते.

हे शेवटचे कलम सर्वांत अवघड निघाले. मी परत आलो. आईचे पापड त्यांना आवडले, असे सांगितले. मावशींनी आमचूर आणि मोहाची फुले दिली होती, ती आईपुढे ठेवली. ती काही बोलली नाही. पावसाळा गेला, दिवाळी झाली, कापूस फुटला आणि मावशींचे कुटुंब पुन्हा वेचणीला आले. मी आईला म्हटले, "आई, त्यांना एक दिवस घरी जेवायला बोलावू." आई गप्प राहिली. शेजारपाजारचे काय म्हणतील, हे तिच्या मनात असावे. आमच्यासारख्यांकडे प्रतिष्ठा थोडी असते, म्हणून ती फार जपावी लागते. मी तिला दोष दिला नाही. एकोणीस वर्षे मीही दुसऱ्या निंबाखाली कोण बसते ते पाहिले नव्हते.

चार दिवसांनी शेतावरून येताना आईबरोबर मावशी आणि काका होते. आईने वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी केली. मावशी आमच्या घरात सगळीकडे फिरून पाहत होत्या: विजेचा मीटर, पत्र्याच्या पेटीवरची माझी पुस्तके, शेळी, मातीची भिंत. भिंतीला हात लावून त्या म्हणाल्या, "आमच्यासारखीच आहे." आई हसली. तिला कोणी पाहत आहे, याचे तिला काही वाटले नाही, कारण पाहणारी तिच्या घरची पाहुणी होती.

जाताना मी त्या बुध्याच्या छायाचित्राची प्रत मावशींच्या हाती दिली. जळगावला जाऊन ती काढून आणली होती. त्याचा पाडा मावशींच्या पाड्याजवळच आहे. ती त्याला पोहोचेल. घड्याळ त्यात स्पष्ट दिसते. पाच वाजायला दहा मिनिटे कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतावर गेलो. दुपार झाली होती. आई आणि मावशी एकाच निंबाखाली बसल्या होत्या.